तीस एकरांचा मूळपुरुष

धाकट्या बहिणीकडे सिडनीला गेलो होतो, त्याला आता दोन वर्षे होतील. मे महिन्याची सुटी. आपल्याकडे उन्हाचा कहर चाललेला आणि तिकडे सकाळी स्वेटर घातल्याखेरीज अंगणात पाऊल टाकवत नव्हते. पहिल्याच रात्री जेवताना एक शब्द सारखा कानांवर येऊ लागला. ‘रूस मिळालं तर प्रश्नच मिटला’, ‘रूसला नाही लागला तर मग दुसरं काहीतरी बघावं लागेल’. मला वाटले, मेहुण्यांची बदली रशियात होते आहे की काय! थोडा वेळ मी अदबीने गप्प बसलो. शेवटी न राहवून विचारले, तेव्हा सारे घर हसले.

रूस म्हणजे जेम्स रूस हायस्कूल. सरकारी शाळा, पण सहावीतल्या मुलांची एक मोठी परीक्षा होते आणि तीत अगदी वर नंबर लागेल तरच तेथे प्रवेश. बारावीच्या निकालात न्यू साऊथ वेल्स राज्यात ही शाळा वर्षानुवर्षे पहिली येत असे. त्यामुळे हिंदी, चिनी, लंकेची, झाडून सगळी स्थलांतरित आईबापे या एका नावावर डोळे लावून असतात. आमचा दहा वर्षांचा भाचाही त्याच घाण्याला जुंपलेला होता. शाळेतून आला की शिकवणी, शिकवणीहून आला की सराव-परीक्षा.

“आणि दादा, गंमत अशी की ती शेतकी शाळा आहे,” बहीण म्हणाली. “खालच्या वर्गांत सगळ्यांना शेती हा विषय घ्यावाच लागतो.”

मला हसू आवरेना. आमचे गाव कृष्णाकाठचे. आबांनी म्हणजे आमच्या वडिलांनी हिच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मळीतला एक एकर विकला. मळीची जमीन काय असते ते सांगलीकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पुराने आणून घातलेला काळा गाळ. खत न घालता पीक येते. ती जमीन विकून मुलगी शिकली, सिडनीला आली, आणि आता तिचा मुलगा शेतकी शाळेत जाता यावे म्हणून रात्री अकरापर्यंत गणिते सोडवतो आहे! हे मी बोलून दाखवले. बहिणीने नुसतेच ताट उचलले.

“पण हा रूस होता तरी कोण?” मी मेहुण्यांना विचारले. त्यांना नक्की ठाऊक नव्हते. भाचाच म्हणाला, “मामा, तो इथला पहिला शेतकरी. आणि चोर होता.”

पुढचे पंधरा दिवस मी त्या चोराच्या मागे होतो.

जेम्स रूस इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल परगण्यातला. लॉन्सेस्टन गावाजवळ १७५९ साली जन्मला, शेतीकामातच वाढला. १७८२ साली बॉडमिन येथील न्यायासनापुढे त्याला उभे केले. आरोप घरफोडीचा, ऐवज म्हणजे दोन चांदीची घड्याळे आणि किरकोळ चीजवस्तू. शिक्षा फाशीची! ती कमी करून सात वर्षे हद्दपारी दिली, तीही आफ्रिकेत. प्रत्यक्षात त्याला आफ्रिकेत कोणी नेले नाही. प्लिमथच्या बंदरात ‘डंकर्क’ नावाचे एक जुने जहाज तुरुंग म्हणून उभे करून ठेवले होते, त्यात त्याची पाच वर्षे गेली. मे १७८७ मध्ये अकरा गलबतांचा ताफा निघाला. त्यातल्या ‘स्कारबरो’वर त्याला चढवले. आठ महिन्यांनी, जानेवारी १७८८ मध्ये, साडेसातशेच्या आसपास कैदी आणि त्यांचे पहारेकरी सिडनीच्या खाडीत उतरले. ऑस्ट्रेलियाचा इंग्रजी इतिहास येथून सुरू होतो.

या नव्या वसाहतीत शेतकरीच नव्हते. कैदी बहुतेक शहरातले. खाडीजवळची जमीन रेताड, झाडे अशी की कुऱ्हाडींच्या धारा बोथट व्हाव्यात. नांगर ओढायला बैल नाहीत. केप ऑफ गुड होपहून आणलेली थोडी गुरे होती, तीही राखणदाराच्या गाफिलपणाने १७८८ मध्येच रानात निघून गेली. अन्न येणार ते इंग्लंडहून, आणि शिधा घेऊन निघालेले ‘गार्डियन’ जहाज १७८९ च्या डिसेंबरात बर्फाच्या डोंगरावर आदळले. मार्च १७९० मध्ये वसाहतीचे स्वतःचे ‘सिरियस’ही नॉरफोक बेटावर फुटले. शिधा कापता कापता अशी पाळी आली, की गव्हर्नर फिलिप यांच्याकडे मेजवानीला जाणाऱ्यांनी आपापला पाव खिशातून न्यावा.

रूसच्या शिक्षेची सात वर्षे जुलै १७८९ मध्ये भरली. ‘मी आता मोकळा आहे, मला जमीन द्या,’ असा अर्ज त्याने केला. गव्हर्नरपुढे पेच पडला. कोणाची शिक्षा कधी संपते याचे कागदच इंग्लंडहून आले नव्हते! (सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करून घेण्यासाठी तालुक्याला खेटे घातलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.) पण फिलिप हा व्यवहारी माणूस. एक माणूस, एक तुकडा, बेताची मदत, एवढ्यावर येथे माणूस स्वतःच्या पोटापुरते किती दिवसांत पिकवू शकतो, हे त्याला पाहायचे होते. नोव्हेंबर १७८९ मध्ये त्याने रूसला सिडनीपासून आत, रोझ हिल म्हणजे पुढच्या पॅरामाटाजवळ, दीड एकर साफ केलेली जमीन दिली. आणखी झाडे तोडायला मदत, एक झोपडी, अवजारे, बियाणे, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या दिल्या. मालकीचा कागद मात्र दिला नाही. आधी करून दाखव, मग तीस एकर तुझे.

रूसने काय केले ते वॉटकिन टेंच नावाच्या एका चौकस लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. हा गृहस्थ नोव्हेंबर १७९० मध्ये मुद्दाम चालत त्याचे शेत पाहायला गेला आणि रूसच्याच तोंडून त्याची रीत ऐकली. पाडलेली झाडे त्याने जमिनीवरच जाळली आणि राख मातीत मिसळली. हे वाचताना मला आपल्या कोकणातला आणि मावळातला राब आठवला. मग कुदळीने खणायला सुरुवात. दिवसाला आठ-नऊ रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम दोन गुंठे. त्याहून जास्त नाही, पण जे खणायचे ते नीट. सरकारी शेतासारखे वरवर ओरबाडायचे नाही, असा टोमणा त्याने मारलेला टेंचने नोंदला आहे. ढेकळे फोडली, गवत आत गाडले, जमीन ऊनवारा खात पडू दिली, पेरणीआधी पुन्हा एकवार उलथली. काढणीनंतर सलगम पेरायचे, काडाचे खड्ड्यात खत करायचे, हा पुढचा बेतही तयार होता. आपल्याकडे रब्बीची पेर दिवाळीच्या आगेमागे होते. तेथे ऋतू उलटे, म्हणून गहू मे-जूनमध्ये पेरलेला. टेंच गेला तेव्हा दीड एकर गहू आणि अर्धा एकर मका उभा होता. जमीन कशी आहे म्हणून विचारले, तेव्हा रूस म्हणाला, मध्यम. चांगली नाही, वाईट नाही. खताच्या जोरावर भागेल, पण गुरे नसतील तर पुढे टिकणार नाही. आणि मुख्य तक्रार कोणती? रात्री चोर येतात! घरफोडीसाठी फाशी झालेला माणूस रात्ररात्र जागून शेत राखत होता.

मदतीला दिलेला कैदीही मध्येच काढून घेतला होता. मग सोबतीला होती ती फक्त बायको, एलिझाबेथ पेरी. तीही कैदीच. जून १७९० मध्ये ‘लेडी जुलियाना’ हे दोनशेहून अधिक स्त्रीकैद्यांनी भरलेले जहाज आले, त्यातून ती आली. ५ सप्टेंबर १७९० रोजी दोघांचे लग्न झाले. ती मेहनती आहे, एवढेच रूसने टेंचला तिच्याबद्दल सांगितले. शेतकरी आपल्या बायकोविषयी परक्या माणसापाशी याहून अधिक बोलत नाही. आमच्या आबांनीही कधी बोलले नसते.

फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसने कोठारावर जाऊन सांगितले, की यापुढे माझा शिधा बंद करा, मी माझे खाईन. पुढे बायकोमुलांचाही बंद झाला. त्या उपाशी वसाहतीत असे सांगणारा हा पहिला माणूस. फिलिपने शब्द पाळला. त्याच वर्षी तीस एकर रूसच्या नावे झाले. न्यू साऊथ वेल्समध्ये सरकारने खाजगी माणसाला दिलेली ही पहिली जमीन. तिचे नाव ‘एक्सपेरिमेंट फार्म’, प्रयोगाचे शेत.

ते शेत आज कोठे आहे, असे मी विचारले आणि मेहुणे मला एका रविवारी हॅरिस पार्कला घेऊन गेले. गाडीतून उतरतो तो कढीपत्त्याच्या फोडणीचा वास! सिडनीकर हिंदी लोकांची ही पेठच. डोशाची उपाहारगृहे, मिठाईची दुकाने, साड्या, पानाची टपरी. तेथून पाच-सात मिनिटे चालल्यावर ‘रूस स्ट्रीट’ नावाची शांत गल्ली लागते. तिच्यात ऐसपैस ओसरीचा एक बैठा बंगला आहे, पुढे हिरवळ. हेच प्रयोगाचे शेत. पण बंगला रूसचा नव्हे. तो १८३० च्या दशकातला, सर्जन जॉन हॅरिस याचा. या हॅरिसवरूनच हॅरिस पार्क हे नाव.

कारण रूसने शेत विकले! ऑक्टोबर १७९३ मध्ये, अवघ्या चाळीस पौंडांना. मायदेशी परत जायचे त्याच्या मनात होते. गव्हर्नर फिलिप निघून गेला होता, आणि जमीन मध्यमच होती. पण तो गेला नाही. पैसे कशात गेले ते सविस्तर कोठे नाही. वसाहतीचा न्यायाधिकारी कॉलिन्स याने एवढेच नोंदवून ठेवले आहे, की रूस आणि आणखी एकजण यांनी शेताचे आलेले पैसे संपवले आणि मग ते पुन्हा नव्या जमिनीवर निघाले. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. वाटाड्या बाई फार आस्थेने माहिती सांगत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आबा स्टँपपेपरवर सही करून बाहेर आले आणि कचेरीसमोरच्या टपरीवर न बोलता चहा प्याले, तो दिवस होता. तेव्हा मी कॉलेजात होतो. मी बरोबर गेलो होतो, पण मला कोणी विचारले नव्हते, आणि मीही काही म्हणालो नव्हतो.

असो. जानेवारी १७९४ मध्ये रूस हॉक्सबरी नदीच्या काठी गेला. तेथे वसलेल्या पहिल्या बावीस जणांत तो होता. पुन्हा तीस एकर. पण ही जमीन मध्यम नव्हे, ही अस्सल मळी होती. पाहता पाहता हॉक्सबरीचा काठ वसाहतीचे धान्याचे कोठार झाला. मात्र मळी जी नदी देते, तीच नदी ती परत मागायलाही येते. १७९९ मध्ये मोठा पूर आला. १८०६ मध्ये त्याहून भयंकर. गंजीच्या गंजी समुद्राला गेल्या. १८०९ मध्ये पुन्हा. शेवटी १८१० साली गव्हर्नर मॅक्वारीने उंचवट्यावर पाच गावे आखली आणि लोकांना सांगितले, पेरा खाली, पण राहा वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीइतके पाणी होते. गावातल्या म्हाताऱ्यांनी नेमके हेच सांगितले होते, आणि नेहमीप्रमाणे कोणी ऐकले नव्हते.

रूसची घडी तेथे बसली नाही. पुढे बँक्सटाऊनला जमीन घेतली, तीही फळली नाही. १८२८ च्या खानेसुमारीत हा पहिला जमीनमालक सापडतो तो लोअर मिंटो येथे, कॅप्टन ब्रुक्स यांच्या शेतावर मुकादम म्हणून. वय सत्तरीला टेकलेले.

आणि गुरे? ती रानात गेलेली गुरे १७९५ मध्ये सापडली. दक्षिणेकडे, नेपियन नदीपलीकडच्या कुरणात, त्यांचा साठ-एक जनावरांचा कळप झालेला होता. गुरांवाचून टिकणार नाही, असे रूस म्हणाला होता. त्याने ते म्हटले तेव्हाही ती तेथेच, दीड-दोन दिवसांच्या वाटेवर चरत होती.

येथवर सांगितले ते शाळेच्या पुस्तकातही सापडेल. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची जुनी हौस आहे. आमच्याही घरी एक आहे, लाल कापडी बांधणीचा. त्यात पहिल्या पानावर मूळपुरुष. तो ‘अमुक गावाहून येऊन येथे स्थायिक झाला व त्यास जमीन मिळाली’. बस्स. कोणाकडून मिळाली, त्याआधी ती कोण कसत होते, हे एकाही वृत्तांतात मी वाचलेले नाही. मूळपुरुष येतो तेव्हा जमीन जणू नुकतीच समुद्रातून वर आलेली असते.

रूसचे तीस एकर समुद्रातून वर आलेले नव्हते. ती बुर्रामट्टगल लोकांची भूमी. पॅरामाटा हे नावच त्यांच्या शब्दावरून आले. त्यात त्या नदीतला वाम मासा आहे. एप्रिल १७८९ मध्ये सिडनीभोवतीच्या या मूळ लोकांत देवीची साथ आली आणि फार मोठ्या संख्येने माणसे मेली. रूसला शेत मिळाले ते त्यानंतर सातच महिन्यांनी. जे उरले त्यांच्यापैकी मौगोरान नावाचा एक वृद्ध १७९० मध्ये गव्हर्नरकडे गेला आणि रोझ हिलवर एवढे गोरे लोक येऊन बसल्याबद्दल आमची माणसे संतापली आहेत, असे त्याने सांगितले. ही तक्रार इंग्रजांच्याच दप्तरात आहे. तिचा परिणाम असा झाला, की रोझ हिलवरचा पहारा वाढवण्यात आला. टेंच वही घेऊन रूसचा गहू पाहायला गेला, तो याच सुमारास.

हॉक्सबरीवर तर उघड लढाई झाली. दारुग लोक त्या काठावरच्या मळीतून कंद खणून खात. नेमकी तीच मळी वसाहतवाल्यांनी उकरून मका लावला. कंद गेले, तेव्हा ते लोक मका काढून नेऊ लागले. त्यावर बंदुका चालल्या. पेमुलवुय नावाचा त्यांचा लढवय्या १७९७ मध्ये पॅरामाटावर चालून गेला, १८०२ मध्ये मारला गेला. रूसच्या हातून कोणी मेले, असे कोठे नाही. पण रूसची कुदळ ज्या मातीत शिरली, तिच्यात आधीचे कंद होते.

मी हे सगळे रात्री बहिणीला सांगत होतो. ती म्हणाली, “दादा, मग आपला मूळपुरुष?” मी म्हटले, पुस्तकात नाही. ती म्हणाली, “पुस्तकात नाहीच असणार.”

या देशातली एक गोष्ट मला आवडली. एकेकाळी येथली घराणी कैदी पूर्वज लपवत. आजोबांच्या आधीचे कोणी विचारले तर विषय बदलत. आता सगळे उलटे झाले आहे. १९६८ मध्ये पहिल्या ताफ्यातून आलेल्यांच्या वंशजांची एक संस्था निघाली. तिचे सभासद व्हायला पिढ्यांचे दाखले जोडावे लागतात. पूर्वज चोर होता हे सिद्ध करण्यासाठी दप्तरखान्यात खेटे घालणारी माणसे मी तेथेच ऐकली. रूसचे वंशजही आपले नाते अभिमानाने सांगतात.

निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळे कॅम्बेलटाउनला गेलो. तेथल्या जुन्या कॅथॉलिक दफनभूमीत रूसची समाधी आहे. आयुष्याच्या अखेरीस त्याने तो पंथ घेतला होता. एलिझाबेथ १८३६ मध्ये गेली. तो १८३७ मध्ये गेला, ५ सप्टेंबरला. लग्नाचीच तारीख.

समाधीच्या दगडावरचा मजकूर त्याने मरण्याआधी स्वतःच कोरायला घेतला होता, असे सांगतात. आणि तो अशुद्ध आहे! ‘फर्स्ट’ या शब्दात भलतेच अक्षर, ‘कॉलनी’ चुकलेले, जसे बोलावे तसे लिहिलेले. मी वीस वर्षे शुद्धलेखनाच्या वह्या तपासतो आहे. हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. तो येथे गेला नाही. मजकुराचा आशय एवढाच, की आईने मला मायेने वाढवले, फार कष्ट सोसले. या वसाहतीत आल्यावर पहिला दाणा मी पेरला. आता देवाघरी कायमचा राहीन अशी आशा आहे. इतिहासाच्या काट्याने तोलले तर पहिला दाणा त्याने पेरला नाही. सरकारी शेतावर त्याआधीच गहू पेरून झाला होता. पण त्या दगडावर चाळीस पौंड नाहीत, घड्याळे नाहीत, मुकादमी नाही. आई आहे, आणि दाणा आहे.

भाचा बोटाने अक्षरे वाचत होता. “मामा, स्पेलिंग सगळं चुकलंय. याला रूसमध्ये ॲडमिशन नसती मिळाली.”

मेहुणे मोठ्याने हसले. बहीण थोडी बाजूला गेली होती. तिने गावी फोन लावला. आपल्याकडे सकाळचे सात वाजले असतील. आबा ओसरीवर बसले असणार. इकडचेतिकडचे झाले आणि मग तिने विचारले, “आबा, मळीत यंदा काय आहे?”

मळी विकून बावीस वर्षे झाली होती. फोनमधून आबांचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला.

“त्यांनी ऊस लावलाय. बरा आहे. पण पाणी जास्त देतात.”